ठसा किती वेळ राहतो

९ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी सगळं विचारलं असं समजा, कारण मला घाई आहे आणि चहा गॅसवर आहे.

तुमच्या जागेवर येऊन आज आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी व्यवस्थापकांनी मला उभं करून भाषण दिलं. म्हणाले, इथे लोक अपघातानंतर, अर्धांगाच्या झटक्यानंतर पुन्हा चालायला शिकतात. आधी आत फरशीवर, मग बाहेर हिरवळीवर, कारण रस्ता काही फरशीसारखा सपाट नसतो. म्हणून ही हिरवळ म्हणजे रुग्णालयाची शोभा नाही, औषध आहे. जसं काही एकतीस वर्षं तुम्ही हेच बोलून आमचे कान किटवले नाहीत. मग मुद्द्यावर आले. ऑक्टोबरात समिती बघायला येणार. हिरवळ नीट असेल तर मी कायम. नसेल तर तिथे प्लास्टिकचा हिरवा गालिचा अंथरायचा, आणि गालिच्याला माळी लागत नाही.

तुम्हाला माहीत आहे, सहा वर्षांत माझ्या पाच नोकऱ्या झाल्या. आई म्हणाली हिच्या पायाला भिंगरी आहे, आणि तुम्ही तेच नाव पाडून मोकळे झालात. पण या वेळी मला जायचं नाहीये, मामा. इथे सकाळी काठ्या टेकत माणसं बाहेर येतात आणि गवतावर पहिलं पाऊल टाकताना श्वास धरतात, ते बघितल्यापासून नाही.

तर मला सगळं सांगा. वर्षभर काय काय करायचं ते. अवजारांच्या खोलीत दारामागे तुमचा पाण्याचा तक्ता सापडला: रोज संध्याकाळी एक तास. तो मी पाळतेय. बाकी हिरवळ कडेला झकास आहे, मधे जरा मलूल वाटते. थंडीमुळे असेल.

फोन करा. चहा उतू गेला.

भिंगरी

*

१७ फेब्रुवारी

भिंगरी,

फोन करणार नाही. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि मागे नळ चालू असतो. कागद खिळ्याला अडकवता येतो. दाराशेजारी खिळा आहे, त्यावर माझी पत्रं अडकवत जा, आणि शंका आली की आधी तिथे बघ.

आता ऐक. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा कापायचा, त्यापेक्षा जास्त नाही. पाहुणे येणार म्हणून कुणी म्हणालं की अगदी बारीक करा, तर मान हलवायची आणि करायचं नाही. यंत्राच्या पात्यांना धार लावून घे. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं, आणि दुसऱ्या दिवशी टोकं पांढरी पडतात. एकदा उभं कापलंस तर पुढच्या खेपेला आडवं. कापलेलं बारीक असेल तर तिथेच पडू दे, ते फुकटचं खत आहे. पाणी पहाटे, क्वचित आणि भरपूर. रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं आळशी होतात, खाली जातच नाहीत, आणि उन्हाळ्यात पहिल्याच आठवड्यात माना टाकतात. हिवाळ्यात दहिवर गोठलेलं असेल तर ऊन येईपर्यंत कुणालाही पाय ठेवू द्यायचा नाही, व्यवस्थापकांनासुद्धा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: बूट काढ. रोज सकाळी सातला अनवाणी सगळ्या हिरवळीवरून चालून ये. नवशिके ठसा बघतात. पाऊल उचललं आणि दबलेलं गवत उठलं तर ठीक, ठसा तसाच राहिला तर गवताला पाणी हवंय. हा शाळकरी प्रकार झाला. खऱ्या माळ्याला तळवाच सांगतो, कुठे ओल आहे आणि कुठे नाही. मी एकतीस वर्षांत ठसा बघायला कधी मागे वळलो नाही.

माझं विचारशील तर मुलाच्या घरी चौथ्या मजल्यावर खिडकीत खुर्ची आहे, खुर्चीत मी आहे. तुझी वहिनी उठू देत नाही. समोरच्या बंगल्याची हिरवळ दिसते. तिचा मालक भर दुपारी पाइप घेऊन पाणी मारतो. मला इथे बसवत नाही आणि खाली उतरवत नाही, अशी गत आहे. गुडघे ठीक. बसून बसून पायांना मुंग्या येतात, एवढंच.

मामा

*

३० मार्च

मामा,

पत्र खिळ्यावर आहे आणि मी पाठ केलंय. तरी काहीतरी चुकतंय.

मधला मलूल भाग आता पिवळा झालाय, जेवणाच्या मोठ्या टेबलाएवढा. मी रोज सातला अनवाणी जाते. कडेला पायाला छान लागतं, मधे गेलं की गारेगार, लिबलिबीत, आणि पाऊल उचलताना आवाज येतो. काल तिथे कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या, पाच. तुम्ही पत्रात लिहिता पाणी पहाटे आणि क्वचित. तुमचा तक्ता म्हणतो रोज संध्याकाळी तासभर. मी दोन्ही कसं पाळू? आधी तक्ता पाळला, मग घाबरून बंद केलं, मग ऊन तापलं म्हणून पुन्हा चालू केलं.

व्यवस्थापक रोज व्हरांड्यात उभे राहून बघतात. फक्त "तुमच्या मामांच्या काळात" एवढं म्हणतात आणि आत जातात. त्यांच्या बुटांचा आवाज आला की माझे हात आपोआप कामाला लागतात. काल मी तीच कड तीन वेळा कापली.

चालण्याच्या बाई, म्हणजे ज्या लोकांना चालणं शिकवतात त्या, मला म्हणाल्या, "जरा बस गं. तुझ्याकडे बघून माझे पेशंट दमतात." मी बसले. चार मिनिटं.

तक्ता बरोबर आहे का, एवढं एका शब्दात कळवा.

भिंगरी

*

८ एप्रिल

भिंगरी,

तक्ता बरोबर आहे. तुझा हात बरोबर नाही. तास म्हटलं की तू दीड तास सोडला असशील, मधे कुठेतरी पाइप विसरली असशील. लहानपणी दूध तापायला ठेवून तू पतंग बघायला जायचीस, ते मी विसरलेलो नाही. एकतीस वर्षांत माझ्या हिरवळीत छत्री उगवली नाही. दोन महिन्यांत तू पाच उगवल्यास.

आता पाणी पूर्ण बंद. छत्र्या उपटून लांब टाक. त्या भागावर कुणाला चालू देऊ नकोस, दोरी बांध.

रागावलो असं समजू नकोस. इथे डोकं तापलेलं असतं. दुपारच्या पाणीवाल्याला मी चिठ्ठी पाठवली, "साहेब, सकाळी मारा." त्याने वर बघून हात हलवला आणि दुपारीच मारलं. परवा तर गंमत झाली. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेतली होती आणि मी पाणीवाल्याकडे बघत बसलो. तुझी वहिनी आली आणि ओरडली. टाचेला हा मोठा फोड. मला पत्ताच नाही. ती म्हणते, तुमचं सगळं लक्ष दुसऱ्याच्या गवतात. आम्ही दोघं हसलो.

मामा

*

२ मे

मामा,

तुम्हाला सांगणार नव्हते, पण खिळ्यावरची पत्रं माझ्याकडे बघतात.

पाणी बंद केलं. मग नुसतं बघत बसणं मला जमेना. कोठीत खताची गोणी होती. पिवळ्याला खत, असा सरळ विचार केला. एकदा टाकलं. चार दिवसांत काही दिसेना, म्हणून पुन्हा टाकलं, भर दुपारी, आणि पाणी बंद होतं म्हणून वर पाणीही दिलं नाही. आता हिरवळीवर माझ्या चालण्याचे तपकिरी पट्टे आहेत, जिथे जिथे मूठ उघडली तिथे तिथे जळालंय. वरून बघितलं तर माझी चाल दिसते. तुम्ही म्हणालात तेच खरं. माझा हातच वाईट आहे.

काल व्यवस्थापक गालिच्याचा हातभर तुकडा घेऊन आले आणि मधोमध ठेवून गेले, रंग कसा दिसतो ते बघायला. दुपारी मी त्यावर तळहात ठेवला तर चटका बसला. बाईंनीही ठेवला. त्या म्हणाल्या, यावर माझी माणसं पडली तर सालटं निघतील. त्यांचा एक पेशंट आहे, बसड्रायव्हर, डावा पाय अजून ऐकत नाही. तो आठवड्यातून दोनदा तरी हिरवळीवर पडतो आणि पडल्या पडल्या हसतो, "गवत आहे म्हणून हसतोय" असं म्हणतो. परवा जळालेल्या पट्ट्यावर पडला. तिथलं गवत काटेरी झालंय. हसला नाही.

मी रात्री सामानाची पिशवी भरली होती. सकाळी पुन्हा रिकामी केली. मला काय करायचं ते सांगा, अगदी लहान मुलाला सांगतात तसं सांगा.

भिंगरी

*

११ मे

भिंगरी,

पिशवी माळ्यावर टाक. शिडी काढल्याशिवाय हाताला येणार नाही अशी.

जळालेल्या पट्ट्यांवर एकदाच भरपूर पाणी सोड, खत धुऊन खाली जाऊ दे. मग चार दातांचा काटा घे. वीतभर अंतरावर जमिनीत खुपस, किंचित हलव, बाहेर काढ. सगळ्या मधल्या भागात. जमिनीला श्वास घ्यायला भोकं लागतात. एकतीस वर्षं माणसं तुडवतायत तिला. भोकांत बारीक वाळू झाडूने लोट. वर वाळक्या काड्यांचा थर दिसेल तो दाताळ्याने खरवड. नंतर बी टाक, वरून मातीचा पातळ हात फिरव. आणि मग, भिंगरी, हात मांडीखाली घालून बस. तीन आठवडे. हिरवळ राखण्यातलं अर्धं काम म्हणजे तिला हात न लावणं, आणि तेच तुला अवघड जाणार.

समितीला भिऊ नकोस. मी निघालो तेव्हा सगळं सोन्यासारखं होतं, तसंच पुन्हा होईल.

टाचेचा फोड अजून सुकलेला नाही. तुझी वहिनी डॉक्टर डॉक्टर करते. तिला काळजी करायची हौस आहे.

मामा

*

२० जून

मामा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता लिहिते ते फाडणार नाही.

काटा चालवला. चार दिवस लागले, तळहाताला फोड आले, आणि ते मला लगेच कळले. मधल्या भागात काटा दोन बोटं आत गेला की पुढे घट्ट काळा थर लागायचा. शेवटी सुरी घेऊन वड्या कापतात तसा चौकोन कापून वर काढला. मुळं दोन बोटं लांब, काळी, कुजका वास. वर वाळक्या काड्यांचा थर अंगठ्याएवढा जाड. मामा, मी कितीही आगाऊ असले तरी एवढं चार महिन्यांत कुजवू शकत नाही. हे दीड-दोन वर्षांचं आहे.

मग पाण्याचा तक्ता काढायला गेले. कागद नवा पांढरा आहे हे मी फेब्रुवारीतच बघितलं होतं, डोक्यात काही आलं नव्हतं. त्याच्याखाली दुसरा तक्ता निघाला, पिवळा, कडा कुरतडलेल्या, तुमच्याच अक्षरात: आठवड्यातून दोनदा, पहाटे.

त्याच वेळी चालण्याच्या बाई शिट्टी शोधत आल्या. खिळ्यावरची पत्रं त्यांनी वाचली, मी "वाचा" म्हटलं होतं. एप्रिलचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, पाणीवाल्याला हसतायत. त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, "तुझ्या मामांना टाच भाजली ती कळली नाही? त्यांच्या तळव्यांना काही कळतं का?"

मामा, तुमच्या तळव्यांना काही कळतं का?

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे. दोन महिने मी स्वतःला शिव्या दिल्या. पण त्याचं नंतर बघू. आधी डॉक्टरकडे जा. बाईंनी एका कागदावर लिहून दिलंय, सोबत पाठवते आहे, वहिनीला द्या. तुम्ही खिशात ठेवू नका.

भिंगरी

*

१४ जुलै

मामा,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही.

बी रुजलं. बारीक, केसांसारखं, जवळून बघितलं तरच दिसतं. पाणी मी पिवळ्या तक्त्याप्रमाणे देते. पांढरा काढून ठेवलाय, फाडला नाही. कालपासून मी काही केलं नाही, फक्त भिंतीशी टेकून बसले. जमतंय थोडं. पण बसलं की तुमचा विचार येतो, म्हणून पुन्हा उठते.

बोलायचं नसेल तर एक कोरा कागद पाठवा. मी समजेन.

भिंगरी

*

२४ जुलै

प्रिय भिंगरी,

तुझी पत्रं मिळाली होती, पण आम्ही सगळे दवाखान्यात होतो म्हणून कळवता आलं नाही. बाईंचा कागद मामंजींनी खरंच खिशात ठेवला होता. धुवायच्या कपड्यांत मला सापडला. त्याच दिवशी नेलं. साखर फार वाढलेली, टाचेची जखम आतून पसरलेली. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस उशीर झाला असता तर पाऊलच गेलं असतं.

आता धोका नाही. पण बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. काल मात्र कागद मागितला. लिहितात आणि खोडतात. तू वाट बघ.

वहिनी

*

९ ऑगस्ट

भिंगरी,

नाही. काही कळत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, पण ते लिहायला मला सात आठवडे लागले.

सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही. एके सकाळी हिरवळीवर पाय टेकला आणि गार लागलं नाही. वाटलं, जमीन कोरडी आहे. पाणी वाढवलं. दुसऱ्या सकाळी तेच. आठवड्यातून दोनदाचं चारदा केलं, चारदाचं रोज केलं, नवा तक्ता लिहिला, तरी पायाला कोरडंच. छत्र्या माझ्याही वेळी उगवल्या. कुणी यायच्या आत मी उपटून फेकायचो. म्हणजे अर्धं मला कळत होतं. मागे वळून एकदा ठसा बघितला असता तरी पुरलं असतं, पण तो नवशिक्यांचा प्रकार. दोनदा पाइपला अडखळून पडलो तेव्हा गुडघ्यांचं नाव सांगून निघून आलो. जो माळी पायाने ओळखतो म्हणून दहा ठिकाणी सांगितलं जातं, त्याच्या पायातच काही राहिलं नाही, हे कुणाला सांगणार?

आणि तू विचारलंस तक्ता बरोबर आहे का. मी म्हटलं, तुझा हात वाईट आहे. भिंगरी, तुझा हात वाईट नाही. मला ते लिहितानाही ठाऊक होतं. तुझी नोकरी जाईल हे दिसत होतं आणि मी माझं नाव सांभाळत बसलो. याची मला लाज वाटते. दूध उतू जाण्याचंही काढलं, तेव्हा तू सात वर्षांची होतीस.

सोबत व्यवस्थापकांच्या नावाने चिठ्ठी आहे. उघडीच ठेवलीय, तू वाच. त्यात लिहिलंय की हिरवळ माझ्या हातून बिघडली, दोन वर्षं मी जास्त पाणी दिलं, कारण माझे पाय बधिर झाले होते आणि मी ते लपवलं. समितीसमोर दे. माझी काळजी करू नकोस. नाव घेऊन मी आता जाणार तरी कुठे, चौथ्या मजल्यावरून.

खताचं मात्र तुझं तू बघ. ते मी केलेलं नाही.

मामा

*

१२ ऑक्टोबर

मामा,

समिती काल येऊन गेली. सगळं क्रमाने सांगते.

तुमची चिठ्ठी दोन महिने माझ्या गादीखाली होती. मी ठरवलं होतं, द्यायची नाही. हिरवळ बऱ्यापैकी भरली होती, जळालेले पट्टे शोधावे लागत होते, वाटलं तशीच वेळ निभावून जाईल. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यांनी लपवलं म्हणून दोन बोटं गेली. आता तूही लपवणार?" मला राग आला. त्या बरोबर होत्या म्हणून जास्त आला.

तिघं जण आले, दोन गृहस्थ आणि अध्यक्षीणबाई. गृहस्थ काठावर उभे राहून म्हणाले, मधे रंग वेगळा आहे. आहेच, नवं गवत फिकं असतं. व्यवस्थापक म्हणाले, यांच्या मामांच्या काळात असं नव्हतं. तेव्हा मी चिठ्ठी दिली. तिला माझी एक जोडली होती: खताने जाळलं ते मी, भर दुपारी, दोनदा. व्यवस्थापकांनी दोन्ही उभ्या उभ्या वाचल्या आणि पुढे दिल्या. मला गप्प राहवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी सुरी काढली, मधल्या भागात चौकोन कापला आणि अध्यक्षीणबाईंच्या हातात दिला. त्यांच्या बाहीला चिखल लागला. मुळं पांढरी होती, मामा, वीतभर. काळ्या थरातून भोकाभोकांतून खाली गेलेली.

बसड्रायव्हर तेव्हाच बाहेर आला. काठीशिवाय निघाला आणि अर्थातच पडला, बरोबर मधे, नव्या गवतावर. सगळे धावले. तो पडल्या पडल्या हसत होता. अध्यक्षीणबाईंनी व्यवस्थापकांकडे बघितलं आणि गालिच्याचं पुढे कुणी काढलं नाही. मी कायम झाले. कागद यायचाय, पण त्यांनी तोंडाने सांगितलं.

मला फक्त एवढंच सांगायचं नव्हतं. सगळे गेल्यावर व्यवस्थापक अवजारांच्या खोलीत आले. याआधी कधी आले नव्हते. तुमची चिठ्ठी त्यांच्या हातात होती. मला वाटलं, आता तुम्हाला काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "एकतीस वर्षं हा माणूस आमच्यासमोरून चालत होता. इथे पाय बघायचंच काम चालतं. आणि त्याचे पाय गेले ते आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही." मग खिळ्यावरच्या पत्रांना बोट लावून बघितलं आणि निघून गेले. संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारपासून तुमची वेळ लावून ठेवलीय, रोज सकाळी दहा, दोन आठवडे. दोन बोटं नसली की तोल वेगळा धरावा लागतो, तो शिकवतात. तुम्ही माझ्या खोलीत राहायचं. मी कोठीत झोपेन, तिथे खाट आहे.

नाही म्हणू नका. माझी पिशवी माळ्यावर आहे, शिडी मी लपवलीय, मी कुठेही जाणार नाही. म्हणून आता तुम्हालाच यावं लागेल.

भिंगरी

*

२१ नोव्हेंबर

भिंगरी,

सुखरूप पोचलो. तुझ्या वहिनीने दारातच पाय तपासले, मग आत घेतलं. आता रोज संध्याकाळी आरसा धरून तळवे बघायचे असा हुकूम आहे आणि मी तो मानतो. दुपारचा पाणीवाला खाली फाटकाशी भेटला. म्हणाला, तुमची चिठ्ठी मिळाली होती, पण मला सकाळी उठवत नाही. सरळ माणूस आहे, त्याच्यावर उगीच एवढे दिवस तापलो.

तिथे असताना तुझ्याशी नीट बोललो नाही. बाईंसमोर आणि त्या हसऱ्या ड्रायव्हरसमोर कसं बोलणार? म्हणून लिहितो.

पानं पडायला लागली आहेत, ती साठू देऊ नकोस, खालचं गवत गुदमरतं. थंडीत कापणं जवळजवळ बंद, वाढेल तेवढंच. दोन्ही तक्ते काढ. पिवळा चांगला होता, पण तो माझ्या पायांचा होता. आता तुझ्या अक्षरात नवा लाव, आणि दर वर्षी तपासून बघ.

पहिल्या दिवशी बाईंनी मला जाड तळाचे बूट घालायला लावले. अनवाणी एक पाऊलही नाही म्हणाल्या. एकतीस वर्षं मी लोकांना बूट काढायला लावले आणि माझ्याच हिरवळीवर बूट घालून उभा राहिलो. तू कडेला होतीस, हात पाठीमागे धरून. तुझे हात स्वस्थ मी पहिल्यांदा बघितले. मी चाललो. पायाखाली काही लागत नव्हतं, गवत आहे की हवा. बाई म्हणाल्या, खाली बघू नका, समोर बघा. मी बारा पावलं टाकली. मग त्या तिकडे वळल्या तेव्हा मी गुपचूप थांबलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून ठसे बघितले.

पहिले नऊ दिसलेच नाहीत. दहावा मी बघता बघता उठला. क्षणभर मला कसंतरी झालं. एवढी वर्षं चाललो आणि मागे काही नाही. तू विचारलंस, मामा, दमलात का, आणि मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. ऊन नव्हतं.

पाणी बरोबर आहे, भिंगरी. काही बदलू नकोस.

मामा